नळाचं पाणी शुद्ध, मग कूलरची सर्व्हिसिंग कशाला?

पिण्याच्या गार-गरम पाण्याच्या कूलरच्या कडेला चिकटवलेला सर्व्हिसिंगचा कागद वाचला की बहुतेकांच्या मनात एकच शंका येते. मशीन थेट नळाला जोडलेलं आहे. नळाला येणारं पाणी पिण्यायोग्य आहे. वर आत फिल्टरही आहे. जार उचलून उलटा करायचा नाही, त्याला कुणाचा हात लागायचा नाही. तरी दर सहा महिन्यांनी कुणीतरी हत्यारांची पेटी घेऊन येतो, तासभर खुडबुड करतो, सही घेतो आणि जातो. स्वयंपाकघरातल्या नळाची कुणी सर्व्हिसिंग करतं का?

मलाही हे बिल काढायचं निमित्तच वाटायचं. एकदा कामाच्या ठिकाणचा कूलर उघडला जात असताना मी शेजारी उभा होतो. मेकॅनिकने वरचं झाकण काढलं, गार पाण्याच्या टाकीच्या भिंतीवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता ते माझ्यासमोर धरलं. बोटावर साबणासारखा बुळबुळीत, किंचित गुलाबी थर होता. त्याच टाकीतलं पाणी पेल्यात घेतलं तर काचेसारखं स्वच्छ. फिल्टर दोनच महिन्यांपूर्वी बदलला होता. टाकी मात्र मशीन बसवल्यापासून कुणी उघडली नव्हती.

तो थर तिथे आला कसा, हे कळायला आधी पेटीच्या आत काय असतं ते पाहू.

पेटीच्या आत

मुख्य लाइनीतून बोटाहून बारीक, पाव इंची प्लास्टिकची नळी निघते. ती फिल्टरमधून मशीनमध्ये शिरते आणि पाणी तीन-चार लिटरच्या स्टीलच्या टाकीत पडतं. ही गार टाकी. तिच्या बाहेरून तांब्याच्या नळीचे वेढे घातलेले असतात. त्या नळीत फिरणारा गॅस टाकीतली उष्णता उचलतो आणि मशीनच्या पाठीमागच्या जाळीतून बाहेर सोडतो. म्हणजे हा एक छोटा फ्रिजच. पाठीमागची जाळी गरम लागते ती त्यामुळे.

गार टाकीतून पाण्याला दोन वाटा फुटतात. एक थेट गार तोटीकडे जाते. दुसरी खाली असलेल्या गरम टाकीकडे. ही साधारण एक ते दोन लिटरची असते, आत पाचशे वॅटच्या आसपासचा हीटर आणि ठरावीक तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट. पाणी ८५ ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखलं जातं. उकळत नाही, उकळीच्या अलीकडे थांबतं. घरच्या गिझरचा हा धाकटा भाऊ, फक्त स्वभावाने जास्त तापट.

काही मशीनमध्ये गार पाण्याला टाकीच नसते. बारीक स्टीलच्या नळीतून वाहता वाहताच ते गार होतं. अशा मशीनमध्ये साचलेलं पाणी कमी आणि उघडी हवा जवळजवळ नाही, म्हणून स्वच्छतेच्या बाबतीत ती उजवी. पण सर्वत्र दिसणारं मॉडेल टाकीचंच, तेव्हा पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

एक तक्रार इथेच निकालात काढू. जेवणाच्या सुट्टीत पहिल्या चार-पाच जणांना छान गार पाणी मिळतं आणि दहाव्याला कोमट, म्हणजे मशीन बिघडलं का? नाही. तीन लिटर पाणी २५ अंशांवरून ८ अंशांवर आणायला सुमारे २१० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. लहान कॉम्प्रेसर सेकंदाला शंभर ज्यूल उष्णता काढत असेल तर हिशेब ३५ मिनिटांचा होतो. टाकी पाच मिनिटांत रिकामी केली तरी ती पुन्हा गार व्हायला अर्धा तास हवाच. माणसं जास्त असतील तर मोठ्या टाकीचं मशीन घ्यायचं. थर्मोस्टॅट पिळून काही उपयोग नाही.

पहारेकरी दारातच थांबतो

नळाच्या पाण्यात सहसा थोडं क्लोरीन ठेवलेलं असतं. पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघून कित्येक किलोमीटर नळातून येतं. वाटेत कुठे जंतू शिरले तर त्यांचा समाचार घ्यायला कुणीतरी सोबत हवं, म्हणून ही व्यवस्था. ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. क्लोरीन म्हणजे पाण्याबरोबर प्रवास करणारा पहारेकरी.

आता कूलरचा फिल्टर. त्यात असतो सक्रिय कार्बन, म्हणजे असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडलेला कोळसा. त्याच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग उलगडला तर पाचशे चौरस मीटरहून जास्त भरतो. या पृष्ठभागावर वास आणि चव बिघडवणारी द्रव्यं अडकतात, आणि क्लोरीनही तिथेच संपतं. ‘औषधाचा वास’ गेला म्हणून पाणी गोड लागतं. पण तो वास पहारेकऱ्याचाच होता.

म्हणजे फिल्टरपर्यंत पाणी राखणीत असतं आणि फिल्टरच्या पुढे बेवारस. पुढची नळी, दोन टाक्या, तोट्या आणि त्यांतली रबरं, एवढ्या टप्प्यात पाण्याला स्वतःचं संरक्षण उरत नाही. पाणीपुरवठा करणाऱ्याने आपलं काम चोख केलं असलं तरी हे शेवटचे दोन-तीन मीटर त्याच्या हातात नाहीत. ते मशीन बसवणाऱ्याने स्वतःच्या अंगावर घेतलेले आहेत, बहुधा नकळत. स्वयंपाकघरातल्या नळाला सर्व्हिसिंग लागत नाही, कारण तिथे पहारेकरी तोटीपर्यंत येतो आणि पाणी साचून राहत नाही.

पाण्यात तुरळक जंतू नेहमीच असतात, बहुतेक निरुपद्रवी. साचलेल्या पाण्यात ते भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. सकाळी दात घासण्याआधी जीभ फिरवली की दातांवर जो थर लागतो, तो बायोफिल्मच. चूळ भरून तो जात नाही, घासावा लागतो. टाकीचंही तसंच. दहा लिटर पाणी वाहून टाकलं तरी भिंतीवरचा थर हलत नाही. अत्यल्प पोषणावर तगणारे स्यूडोमोनासच्या जातीचे जंतू अशा ठिकाणी हमखास मुक्काम ठोकतात. धडधाकट माणसाला त्यांचा सहसा त्रास होत नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांचं, आजाऱ्यांचं आणि तान्ह्या बाळांचं गणित वेगळं असतं.

जंतूंना यायला दुसरी वाट आहे ती उलट्या बाजूने, तोटीतून. बाटली भरताना तिचं तोंड तोटीला टेकतं. कुणी ओल्या हाताने तोटीचं टोक पुसतं. तिथून वसाहत हळूहळू आत सरकते. पाण्याला वास आला की सगळे आधी फिल्टर बदलायला धावतात. दोष तोटीत असतो आणि नवा फिल्टर बसतो मागे. आजार म्हशीला, औषध पखालीला.

कार्बनच्या मर्यादाही ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. पाण्यात विरघळलेले क्षार तो काढत नाही, खारट पाणी खारटच राहतं. फिल्टरवर ‘एनएसएफ ४२’ असं मानक लिहिलं असेल तर तपासणी चव, वास, क्लोरीन अशा गोष्टींपुरती झालेली असते. आरोग्याला अपायकारक द्रव्यांसाठीचं मानक ‘एनएसएफ ५३’ हे वेगळं, आणि त्यातही नेमक्या कोणत्या द्रव्यासाठी प्रमाणपत्र आहे ते वाचावं लागतं.

बसवताना: जागा, दाब आणि एक बारीक नळी

जागा ठरवताना लोक प्लगपॉइंट पाहतात. प्लंबर पाण्याची लाइन पाहतो, आणि बरोबर तोच असतो. मुख्य लाइनीपासून कूलरपर्यंतचा फाटा जितका लांब, तितकं त्यात साचून राहणारं पाणी जास्त. पाणी पिण्याच्या गार लाइनीचंच हवं, गिझरच्या लाइनीचं कधीही नाही. मशीनच्या पाठीमागे वीतभर मोकळी जागा सोडायची, नाहीतर जाळीतून निघणारी उष्णता तिथेच कोंडते आणि कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकतो. खिडकीतून ऊन पडणारी जागा त्याच कारणासाठी टाळायची.

आता दाब. पाण्याचा दाब बारमध्ये मोजतात, आणि एक बार म्हणजे साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा भार. कूलरच्या आतल्या बारीक नळ्या आणि जोड साधारण तीन बारच्या आसपास सुखी असतात. नेमका आकडा मशीनच्या पाटीवर असतो. मुख्य लाइनीचा दाब याहून जास्त असू शकतो, आणि रात्री कुणीच पाणी वापरत नसताना तो आणखी चढतो. म्हणून दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो. दिवसा सगळं ठीक चाललेलं असतं आणि जोड निसटतो तो पहाटे तीनला, त्याचं कारण हे.

उलट अडचणही येते. पाणी छतावरच्या टाकीतून येत असेल आणि टाकी कूलरच्या वर जेमतेम तीन मीटर असेल, तर दाब मिळतो ०.३ बार. एवढ्यात पाणी फिल्टर पार करताना दमतं आणि विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह नीट काम करत नाही. अशा ठिकाणी छोटा पंप घालावा लागतो. मशीनमध्ये आरओ असेल तर दाब आणखी जास्त लागतो, आणि बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्यासाठी वेगळी नळीही काढावी लागते.

पुढचा तुकडा म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, मेकॅनिक मंडळींचा एनआरव्ही. सायकलच्या ट्यूबचा वॉल हवा आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही, तसाच हा. मुख्य लाइनीतला दाब अचानक गेला तर लाइन पाणी उलटं ओढू शकते, आणि मशीनमधलं साचलेलं पाणी सगळ्या इमारतीच्या पिण्याच्या लाइनीत जाऊ शकतं. एनआरव्ही शेजाऱ्यांसाठी असतो म्हणा ना.

साधारण क्रम असा: बंद-चालू करायचा कॉक, दाबाचा व्हॉल्व्ह, एनआरव्ही, गळती रोखणारा व्हॉल्व्ह, फिल्टर, मग मशीन. कॉक हाताला सहज लागेल अशा ठिकाणी हवा. कपाटामागे लपवलेला कॉक असून नसल्यासारखा.

नळीच्या जोडाकडे मात्र जवळून पाहायला हवं, कारण गळतीचा उगम तिथेच असतो. हे जोड दाबून बसवायचे असतात, पाना लागत नाही. आत रबरी कडं आणि स्टीलचे बारीक दात असतात. नळी कात्रीने कापली की टोक चपटं आणि तिरकं होतं. तिरकं टोक रबरी कड्याला एका बाजूलाच टेकतं आणि चपट्या नळीभोवती फट राहते. त्यासाठी खास कटर मिळतो, त्याने नळी सरळ काटकोनात कापायची. मग टोकापासून सुमारे दीड सेंटिमीटरवर पेन्सिलने खूण करायची आणि खूण आत जाईपर्यंत नळी दाबायची. वाटेत एकदा अडकल्यासारखं होतं, तिथे थांबायचं नाही. ते दात असतात, रबरी कडं त्यांच्या पुढे असतं. शेवटी नळी परत ओढून पाहायची. दातांपर्यंतच गेलेली नळी हाताला घट्ट लागते, ओढली तरी निघत नाही, पण पाणी धरत नाही.

गळतीचं एवढं कौतुक कशाला, असं वाटत असेल तर साधा गुणाकार करा. मिनिटाला एक लिटर या वेगाने बारा तास पाणी गळलं तर ७२० लिटर होतात. जारच्या कूलरमध्ये फार तर एक जार सांडतो. नळाच्या कूलरमागे अख्खी पाण्याची लाइन उभी असते. गळती रोखणारा व्हॉल्व्ह यासाठीच. त्याच्या साध्या प्रकारात दाबून बसवलेल्या कोरड्या गोळ्या असतात. जमिनीवर पाणी आलं की त्या फुगतात आणि पाण्याची वाट दाबून बंद करतात. एकदा फुगल्या की बदलाव्या लागतात. फरशी पुसणाऱ्याच्या ओल्या फडक्यानेही त्या फुगतात आणि मग ‘कूलर अचानक बंद पडला’ अशी तक्रार येते.

विजेचं थोडक्यात. हीटर आणि पाणी एका पेटीत असल्यामुळे अर्थिंग असलेला स्वतंत्र प्लगपॉइंट आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच हवाच. एक्स्टेन्शन बोर्ड नको.

पहिल्या दिवशीची घाई

मशीन आडवं करून आणलं असेल तर उभं ठेवून काही तास थांबायचं. कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसच्या नळ्यांत उतरलेलं असतं, ते परत जागेवर यायला वेळ लागतो. नवा कार्बन फिल्टर आधी बादलीत वाहू द्यायचा. सुरुवातीला काळपट पाणी येतं, ती कोळशाची पूड. त्याला घाबरायचं कारण नाही, पण ती टाकीत जाऊ द्यायचीही नाही.

सगळ्यात महाग पडणारी घाई म्हणजे गरम बाजूचा स्विच. तो मशीनच्या पाठीमागे वेगळा असतो, आणि गरम तोटीतून पाण्याची अखंड धार येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. टाकी कोरडी असताना हीटर चालू झाला तर उष्णता घ्यायला पाणीच नसतं. नशीब चांगलं असेल तर सुरक्षा कटआउट तुटतो आणि मागचं छोटं बटण दाबून भागतं. नसेल तर पहिल्याच दिवशी हीटर जळतो. पाणी भरल्यावर दोन लिटरची टाकी २० अंशांवरून ९० अंशांवर जायला पाचशे वॅटवर सुमारे वीस मिनिटं घेते. तेवढा वेळ धीर धरायचा.

उंच डोंगराळ जागी आणखी एक मेख आहे. दर तीनशे मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. १५०० मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे थर्मोस्टॅट ९५ वर ठेवला तर टाकी दिवसभर खदखदत बसते आणि तोटीतून वाफ फुसफुसते. थोडा खाली घ्यायचा. आणि मशीन कुठेही असो, गरम तोटीचं लहान मुलांसाठीचं कुलूप काढून टाकू नका. या तापमानाचं पाणी अंगावर पडताच कातडी भाजते.

‘पण गरम टाकी आहे ना? जंतू मरणारच’

मरतात, पण गरम टाकीत. गार पाणी गरम टाकीतून जातच नाही, दोन्ही वाटा आधीच फुटलेल्या असतात. आणि गारठ्याने जंतू मरत नाहीत. त्यांची वाढ मंदावते, काही जाती तर फ्रिजच्या तापमानातही सावकाश वाढत राहतात. त्यांना सगळ्यात मानवतं ते साधारण २० ते ४५ अंशांचं कोमट पाणी, म्हणजे वीज गेलेल्या कूलरमधलं.

काही मशीनमध्ये गरम पाणी ठरावीक काळाने गार टाकीतूनही फिरवण्याची सोय असते. ती असेल तर उत्तमच. काहींत यूव्ही दिवा असतो. तो जवळून जाणाऱ्या जंतूंना निकामी करतो, पण पुढे पाण्याबरोबर कुणी पहारेकरी पाठवत नाही. शिवाय नेहमीच्या नळीसारख्या यूव्ही दिव्याचं आयुष्य साधारण वर्षभर, नऊ हजार तासांच्या आसपास. त्यानंतरही तो निळा दिसत राहतो. डोळ्यांना दिसणारा निळा प्रकाश आणि जंतू मारणारे अदृश्य किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी आधी संपते.

क्षारांचं दुखणं

गरम टाकीला जंतूंचा त्रास नाही, तिचा शत्रू क्षार. पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार पाणी तापलं की विरघळलेले राहत नाहीत, पांढरा खडू होऊन तळाला आणि हीटरला चिकटतात. किटलीच्या बुडाशी दिसतो तोच थर. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, यांचं नेमकं उलटं. हा थर हीटरला रजईसारखा गुंडाळतो. आत हीटर जास्त तापतो, बाहेर पाणी उशिरा तापतं, आणि एक दिवस कटआउट तुटतो.

उपाय साधा आहे, सायट्रिक आम्लाचं पाणी. टाकीत भरलं की बुडबुडे येतात, ते थांबले की खडू विरघळून संपला किंवा आम्ल संपलं. इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी: आम्ल आणि क्लोरीनचं जंतुनाशक एकत्र येऊ द्यायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. आधी क्षार काढायचे, भरपूर पाण्याने धुवायचं, मगच जंतुनाशक.

मग तासभर चालतं काय?

वीज बंद करून, गरम टाकी निवू देऊन, पाणी काढून मेकॅनिक दोन्ही टाक्या रिकाम्या करतो. गार टाकी ब्रशने घासतो. ती चूळ भरण्याची आणि दात घासण्याची गोष्ट आठवा. तोट्या काढून त्यांची रबरं पाहतो. मग जंतुनाशक टाकीत भरून दोन्ही तोट्यांपर्यंत आणतो आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू देतो. शेवटी वास पूर्ण जाईपर्यंत, किंवा चाचणीच्या पट्टीवर रंग येणं थांबेपर्यंत पाणी वाहू देतो.

यात एक खुबी आहे. जंतुनाशक क्लोरीनचं असेल आणि ते कार्बन फिल्टरच्या अलीकडून सोडलं तर फिल्टर ते गिळून टाकतो. टाकीत पोचतं नुसतं पाणी. म्हणून जुना फिल्टर काढून, त्याच्या जागी रिकामं नळकांडं लावून जंतुनाशक पुढे पाठवायचं आणि नवा फिल्टर सगळ्यात शेवटी बसवायचा. समोरच्याला काम कळतं की नाही हे पाहायचं असेल तर एवढा एकच प्रश्न विचारा: नवा फिल्टर आधी लावता की नंतर?

शिवाय पाठीमागच्या जाळीवरची धूळ, गळतीच्या व्हॉल्व्हची तपासणी, दोन्ही तोट्यांचं थर्मामीटरने मोजलेलं तापमान. हे सगळं पंधरा मिनिटांत उरकलं असेल तर फिल्टर बदलला गेला, सर्व्हिसिंग झालेली नाही.

‘फिल्टर आम्ही स्वतः बदलला तर चालेल ना?’

चालेल. कॉक बंद करा, तोटी उघडून दाब सोडा, हात धुवून नवा फिल्टर लावा, सुरुवातीचं पाणी सोडून द्या. तोटीचं टोक रोज स्वच्छ फडक्याने पुसणं, ड्रिप ट्रे धुणं हेही घरचंच काम. मात्र कॉम्प्रेसर आणि गॅसच्या नळ्यांना हात लावू नका. नव्या मशीनमध्ये बऱ्याचदा आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. ओझोनला त्याच्यापासून धोका नाही, तापमानवाढीत त्याचा वाटा नगण्य, पण तो पेट घेतो.

यावर पुढची शंका असते की आमच्याकडे चारच माणसं, फिल्टरची क्षमता पाच हजार लिटर, तो तीन वर्षं का चालवू नये? कारण लिटरचा आकडा क्लोरीन शोषण्यापुरता आहे. क्लोरीन नसलेला, ओला, छिद्राछिद्रांत अडकलेलं पोषण असलेला कोळसा ही जंतूंसाठी झकास वसाहत असते आणि ती कॅलेंडरवर वाढते, मीटरवर नाही. कमी वापराचा कूलर जास्त वापराच्या कूलरपेक्षा लवकर घाण होतो, कारण त्यात पाणी जास्त वेळ उभं राहतं. लिटर आणि महिने यांतलं जे आधी संपेल ते धरायचं.

लक्षणं

पेल्यात दुधाळ पाणी आलं तर पेला टेबलावर ठेवून बघत राहा. तळाकडून वर स्वच्छ होत गेलं तर ती हवा होती, फिल्टर बदलल्यावर असं होतंच. पांढरं काही तळाला बसलं तर ते क्षार.

गरम तोटी तापताना थेंब थेंब गळते आणि मग आपोआप थांबते. २० अंशांचं पाणी ९५ वर गेलं की साधारण चार टक्के फुगतं, म्हणजे दोन लिटरमागे पाऊण पेल्याहून कमी, सुमारे ७५ मिलिलिटर जास्तीचं पाणी. ते जिरायला टाकीला मोकळी वाट असते. ती क्षारांनी बुजली की पाणी तोटीतून निघतं. तोटी बदलून काही होणार नाही, वाट मोकळी करावी लागेल.

गार तोटी अचानक बंद, गरम मात्र बारीक चालू: टाकीत बर्फ धरला असण्याची शक्यता मोठी. गार बाजू काही तास बंद ठेवा. पुन्हा झालं तर थर्मोस्टॅट गेला. सुरक्षा स्विच वारंवार पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर ढकलू नका. हीटरचं आवरण फुटून पाण्यात वीज उतरत असल्याची ती खूण असू शकते.

रात्री बंद करावा का?

गरम बाजू खुशाल बंद करा. तापलेली टाकी रात्रभर उष्णता गमावत असते, तेवढी वीज वाचते. टाकी रात्री कोमट होते खरी, पण सकाळी पाणी परत ८५-९० अंशांवर जातं. तापल्याचा दिवा लागेपर्यंत तेवढं घ्यायचं नाही. गार बाजू मात्र चालू राहू द्या. ती बंद केली की पहारेकरी नसलेलं पाणी सकाळपर्यंत कोमट होऊन बसतं आणि दिवसा ते फक्त गार होतं, निर्जंतुक होत नाही.

दोन दिवसांच्या सुट्टीनंतर गार तोटीतून टाकीभर पाणी सोडून द्यायचं, तीन-चार लिटर. महिनाभर बंद राहणार असेल तर कॉक बंद, वीज बंद, टाक्या रिकाम्या, आणि परतल्यावर आधी जंतुनाशक. पाणी सोडताना तोटीखाली बादली धरा. ड्रिप ट्रे सहसा कुठल्याही नाल्याला जोडलेला नसतो, त्यात पेलाभर पाणी मावतं, आणि त्याच्या अगदी खाली त्या फुगणाऱ्या गोळ्या बसलेल्या असतात.